मार्क टू काका

कॅमेरा बदलावा की नको, एवढ्या एका प्रश्नावर माणूस किती वर्षं ठणठणीत राहू शकतो हे पाहायचं असेल, तर पुण्यातल्या कुठल्याही मध्यमवयीन सोसायटीत या. तिसऱ्या मजल्यावर, ड्राय कॅबिनेट असलेल्या घरात हा इसम सापडतो. बँकेतून किंवा एखाद्या कारखान्याच्या क्वालिटी कंट्रोलमधून निवृत्त, खिशात लेन्स पुसायचं फडकं, आणि गळ्यात... नाही, गळ्यात काही नाही. कॅमेरा कॅबिनेटमध्ये आहे. बाहेर हवा दमट आहे.

आमच्या सोसायटीतल्या नमुन्याला सगळे ‘मार्क टू काका’ म्हणतात. लहान पोरांचा समज असा, की काकांना कुठल्याशा परीक्षेत दोनच मार्क पडले होते. वास्तविक हे नाव त्यांच्या कॅनन फाइव्ह डी मार्क टू या कॅमेऱ्यावरून पडलं. २००८च्या सप्टेंबरात हे मॉडेल जाहीर झालं तेव्हा काकांची झोप उडाली होती. २१ मेगापिक्सेल, फिल्मच्या चौकटीएवढा ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, वर फुल एचडी व्हिडिओ. किंमत ऐकून काकूंची झोप उडाली. पण २००९च्या जानेवारीत ओबामांचा अधिकृत फोटो पीट सूझांनी याच मॉडेलवर काढला आणि काकांच्या हाती पुरावा लागला. “अमेरिकेच्या अध्यक्षांना चालतो!” या एका वाक्यावर त्यांनी घरातली मंजुरी मिळवली.

ते वाक्य काकूंनी जपून ठेवलं. आज काका नव्या कॅमेऱ्याचा विषय काढतात तेव्हा काकू कणकेतून हातही बाहेर न काढता म्हणतात, “ओबामांना चालला, तुम्हाला काय धाड भरलीय?”

काकांचं म्हणणं, धाड सावल्यांत भरलीय. कोकणकड्यावर सूर्यास्त टिपला आणि घरी येऊन दरीचा काळोख थोडा उजळला, की त्यात पट्टे दिसतात. हे खरं आहे, त्या सेन्सरची ती जुनी खोड आहे. फक्त काका कोकणकड्यावर शेवटचे गेले तेव्हा त्यांचे गुडघे मूळचे होते. त्यामुळे हल्ली सगळ्या चाचण्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर होतात. रात्री ट्यूब बंद करायची, देवघराचा दिवा तेवढा ठेवायचा, तिवई लावायची आणि आयएसओ शंभरापासून चढवत न्यायचा. सोळाशेला संकष्टीचा चंद्रोदय स्वच्छ वाचता येतो. चौसष्टशेला डोळे बारीक करावे लागतात. पंचवीस हजार सहाशेला मात्र सगळ्या महिन्यावर कुणीतरी रांगोळी भुरभुरल्यासारखी दिसते. काकांच्या हार्ड डिस्कवर गेल्या कित्येक वर्षांचे सगळे महिने सर्व आयएसओंवर सुरक्षित आहेत. उद्या कुणाला २०११ सालची अंगारकी कधी होती हे हवं असेल, तर ते रॉ फाईलमधून काढून देतील.

मुलाच्या लग्नाचे फोटो मात्र बाहेरच्या फोटोग्राफरने काढले. तो नेमका मार्क थ्री घेऊन आला होता. ६१ फोकस बिंदू! काकांच्याकडे नऊ, आणि त्या नवांतही मधला एकच भरवशाचा. मंगलाष्टकं चालू असताना काका त्याला कोपऱ्यात घेऊन ते ६१ बिंदू बघत होते. परिणामी अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा फोटो कुणाकडेच नाही.

मग तेव्हाच का नाही घेतला, असं विचारणारा माणूस काकांना बालिश वाटतो. मार्क टू आला २००८ला, मार्क थ्री २०१२ला, मार्क फोर २०१६ला. दर चार वर्षांनी नवा. तेव्हा मधल्याच्या मागे न धावता थेट २०२०चा मार्क फाइव्ह घ्यायचा, असं काकांनी ठरवलं होतं. कॅननला मात्र हे कुणी कळवलं नाही. २०२०च्या जुलैत मार्क फाइव्हऐवजी आर फाइव्ह आला आणि त्यात आरसाच नव्हता. काकांनी सुतक पाळल्यासारखे काही दिवस काढले. मिररलेसच्या व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा घालून म्हणाले, “हा टीव्ही आहे. मला समोरचं बघायचंय, त्याचं प्रक्षेपण नको.” टीव्ही पचनी पडेपर्यंत २०२२चा आर सिक्स मार्क टू येऊन थडकला, सेकंदाला चाळीस फोटो काढणारा. मग २०२४च्या जुलैत आर फाइव्हचाही मार्क टू आला. आता आधीचा स्वस्त होईल म्हणून थांबायचं, की नवाच आणखी उतरेल म्हणून थांबायचं, हे ठरेना. थांबायचं एवढं नक्की होतं.

खर्चाचा तक्ता एक्सेलमध्ये आहे. तो मी पाहिला आहे आणि त्यातलं काहीही खोटं नाही. जुन्या लेन्सेस ॲडॅप्टर लावून नव्या बॉडीवर उत्तम चालतात, इथवर गोष्टी सोप्या आहेत. पण जुनी सीएफ कार्डं बसत नाहीत, नवी घ्यावी लागतात. नव्या रॉ फाईली काकांचं जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही. नवं सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपला झेपत नाही. नव्या लॅपटॉपला मोठा मॉनिटर हवा, मॉनिटरला टेबल हवं, टेबल मावेल त्या भिंतीवर प्लग पॉइंट नाही, आणि वायरमन म्हणतो एका पॉइंटसाठी भिंत फोडण्यापेक्षा सगळ्या घराचं वायरिंगच बदलून घ्या. तक्त्याच्या तळाशी बॉडीच्या किमतीची ओळ शोधावी लागते.

दुसऱ्याचा कॅमेरा ठरवायला मात्र काकांना दहा मिनिटं पुरतात. काय काढणार, प्रिंट केवढी करणार, वजन किती उचलणार, असे तीन प्रश्न आणि हातात चिठ्ठी. त्यांच्या चिठ्ठीवर कॅमेरा घेऊन पस्तावलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. ए थ्री कागदावर कसून छापायला सतरा-साडेसतरा मेगापिक्सेल लागतात, त्यामुळे चाळीसच्या नादी लागू नका, असं त्यांनी मलाच समजावलं होतं. “म्हणजे तुमचे एकवीस भरपूर झाले,” असं मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर जातात, आणि तिथे पोचेपर्यंत त्यातले बहुतेक पिक्सेल वाटेतच गळतात, हे मी मग बोललो नाही.

गेल्या थंडीत आम्ही त्यांना ओढूनताणून भिगवणला नेलं. उजनीच्या पाण्यात फ्लेमिंगो माना खाली घालून चरत होते. त्यांच्यासाठी नऊ फोकस बिंदू म्हणजे चैनच. पण काकांना हवा होता खुंटावर बसलेला ऑस्प्रे, तोही उडताना. शेजारच्या होडीत एका तरुणाकडे नवा मिररलेस होता. पक्ष्याचा डोळा स्वतःच शोधणारा, आवाज न करता धडाधड फोटो घेणारा. काकांचं शटर दाबलं की खटॅक आवाज यायचा आणि तरुण दचकायचा. काका सुस्कारे टाकायला लागले तेव्हा नावाडी म्हणाला, “काका, त्याच्या डोळ्याकडं नका बघू, मागं बघा. शिटला की उडतोय.” तो शिटला, नावाडी म्हणाला “हाणा,” काकांनी मधला बिंदू धरून हाणलं. पंख उघडलेले, पाय नुकते खुंटावरून सुटलेले, नजर थेट आमच्याकडे. असा फोटो मी तरी दुसरा पाहिलेला नाही. शेजारचा तरुण त्या वेळी मेनूमध्ये काहीतरी शोधत होता.

परतताना गाडीत काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “नवा असता तर असे चाळीस आले असते.”

त्या भरात त्यांनी जुना विकायला काढला. एक कॉलेजकुमार बघायला आला. काकूंनी पोहे केले होते. काकांनी शिक्षण विचारलं, घरी कोण कोण असतं विचारलं, घरात बुरशी लागते का विचारलं. मुलाने खोबरं बाजूला सारत विचारलं, “काका, शटर काउंट किती?” काकांचा चेहरा पडला, पण हिशेबाला माणूस चोख. या मॉडेलचं शटर दीड लाखाच्या बोलीचं. आकडा फोटोच्या माहितीत येत नाही, केबल लावून सॉफ्टवेअरने काढावा लागतो. त्यांनी काढला. तिसरा हिस्सासुद्धा वापर नव्हता, आणि त्यातही मोठा वाटा कालनिर्णयचा. मुलगा खूश झाला. “अहो, हा तर जवळजवळ नवाच आहे!”

काका सावकाश खुर्चीत मागे रेलले. “नवाच आहे, नाही का?” म्हणाले, आणि कॅमेरा कॅबिनेटमध्ये ठेवून त्यांनी किल्ली फिरवली. मुलाला आणखी पोहे वाढण्यात आले.

यंदाच्या पाडव्याला सकाळी नऊच्या सुमारास जिन्यातून काकांची आरोळी आली, “घेतली!” सगळी दारं उघडली. इतक्या वर्षांनी बॉडी घेतली म्हटल्यावर वरच्या मजल्यावरचे आजोबासुद्धा काठी टेकत खाली आले. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढायला सरसावलं. काकांनी पिशवीतून खोका काढला. खोका फारच लहान होता.

“बॅटरी,” काका म्हणाले. “कंपनीची अस्सल. नव्या बॉडीत हीच बसते, म्हणजे सुरुवात तर झाली. आणि तोवर जुन्यातही चालेल.”

मागून काकू पेढ्यांचा डबा घेऊन आल्या. “घ्या,” त्या आजोबांना म्हणाल्या, “बॅटरीचे आहेत.”