खुनाचा उमेदवार

"काकू, रात्री तुमच्याकडं केवढं हसणं चाललं होतं! टीव्हीचा आवाज मात्र काही ऐकू आला नाही."

"अगं, टीव्हीच बघत होतो. नातवानं 'पुष्पक' लावला होता, कमल हासनचा. त्यात बोलतंय कोण आवाज यायला?"

"हां, तो! बंगळूरच्या हॉटेलातला."

"तोच. १९८७ चा. आमच्या घरात सिनेमा लावायचा म्हणजे आधी भांडण. ह्यांना जुने तमिळ हवेत, सुनेला हिंदी, नातवाला इंग्रजी. माझं मराठी कुणी विचारतच नाही. तुला सांगते, आमच्या तंजावरच्या शहाजीराजांनी इथंच बसून 'पंचभाषाविलास' नाटक लिहिलं. तमिळ, तेलुगु, मराठी, संस्कृत, हिंदी, सगळं एकाच नाटकात. प्रेक्षकांतलं कुणी रुसायला नको! पुढं तीनशे वर्षांनी त्या सिंगीतम श्रीनिवास रावांनी भांडणच मिटवलं. पाचही भाषा काढून टाकल्या."

"मला तर त्यातल्या खुन्याचंच हसू येतं."

"खुनी कसला? एक तरी खून जमला का त्याला? उमेदवार म्हण, उमेदवार."

"टिनू आनंद ना तो? 'कालिया'चा दिग्दर्शक?"

"'शहेनशाह'सुद्धा त्याचाच. अमिताभला ऊठ-बस सांगणारा माणूस, आणि इथं तोंडातून चकार शब्द नाही, नुसते डोळे वटारतो. पण काम किती मन लावून करतो बघ. साच्यात पाणी भरायचं, गोठवायचं, बर्फाची सुरी काढायची आणि गारच्या गार घेऊन हॉटेल गाठायचं. भोसकलं की सुरी विरघळणार, पुरावा म्हणून मागं नुसतं पाणी. डोकं आहे हो त्याला! चुकतंय ते एवढंच, की माणूस तो नव्हे."

"कारण खरा शेठ तिकडं कमल हासनच्या खोलीत बांधलेला."

"समीर खक्कर. 'नुक्कड'मधला दारुडा खोपडी, इथंही दारूच प्यायलेला. बिचारा रस्त्यात पडलेला सापडतो काय, हातात हॉटेलची किल्ली काय, आणि हा बेकार पोरगा त्याला उचलून खोलीत कोंडतो काय! स्वतः मात्र शेठच्या खोलीत जाऊन गादीवर लोळतो."

"आणि सुपारी कुणी दिली, तर शेठच्या बायकोच्या मित्रानं."

"मित्र म्हणे! तो प्रताप पोथन. त्याच्याकडं बघूनच मी ह्यांना म्हटलं, ह्या मित्राचं काही खरं नाही."

"पण काकू, ती सुरी इथं चालली असती का हो?"

"तंजावरात? मे महिन्यात? साउथ मेन स्ट्रीटवरून निघाला असता तर बृहदीश्वराच्या देवळापर्यंत हातात नुसती ओली मूठ राहिली असती. त्यात दुपारी वीज जाते. साच्यातलं पाणी गोठायचंच नाही. दर तासाला फ्रीज उघडून बघत बसला असता. आणि त्याची घरमालकीण विचारणार, काय हो, एवढा बर्फ कशाला लागतो?"

"आणि तुमच्यासारखी शेजारीण असती तर..."

"तर पहिल्याच दिवशी सगळ्या गल्लीला कळलं असतं. मोठ्या हॉटेलात कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून तर हे सगळं जमलं. पण मी म्हणते, आपण सगळे त्या टिनूला हसतो, आणि जो खरंच माणूस पळवून डांबून ठेवतो, त्याचं कौतुक करतो. गुन्हा कुणी केला? कमल हासननं. टिनूच्या हातून तर काहीच झालं नाही."

"पण त्याचा हेतू वाईट होता ना!"

"हेतूचं काय घेऊन बसलीस? त्या कमल हासनचंच बघ ना, ह्याला नोकरी नाही, खोलीला लागून सिनेमा थिएटर, रात्रभर मारामारीचे आवाज. हॉटेलात शांतता मिळाली तर ह्याला झोपच येईना! शेवटी थिएटरचे आवाज टेप करून आणले, ते लावले, तेव्हा डोळा लागला. तिथं मी हसले खरी, पण पोटात कालवलंही. रस्त्यावरचा तो भिकारी मरतो, त्याच्याखाली नोटा निघतात आणि लोक मढं बाजूला ठेवून नोटांवर तुटून पडतात, तेव्हा मात्र नातूसुद्धा गप्प झाला."

"आणि ते गिफ्टचे डबे?"

"शी! सकाळी सकाळी नको काढूस तो विषय. अजून कॉफी व्हायची आहे माझी. कोंडलेल्या माणसाचा सगळा विधी छान कागदात बांधून हा गावभर टाकत फिरतो. सुनेनं तोंडाला पदर लावला, आणि नातू त्याच जागी तीनदा मागं नेऊन बघत बसला."

"मला तर शेवट सहन होत नाही, काकू. ती नायिका अमला गाडीतून गुलाबाला गुंडाळून पत्त्याची चिठ्ठी टाकते, आणि ती उडून गटारात!"

"त्यावरूनच तर रात्री वाद झाला. मी म्हटलं, हॉटेलच्या रजिस्टरात पत्ता असणारच की. आईबापांबरोबर राहिली होती ना ती? बाप जादूगार, आई फरीदा जलाल. नावगाव लिहिल्याशिवाय खोली देतात का कुठं? जायचं आणि विचारायचं!"

"मग? काका काय म्हणाले?"

"म्हणाले, विचारायला जाणार कोण? दुसऱ्याच्या नावावर राहून गेलेला माणूस काउंटरवर आपलं नाव काय सांगणार?"

"बरोबर आहे की."

"बरोबर कसलं! त्या टिनूला पाठवायचं. हॉटेलची वाट त्याला पाठ, आणि हातचं काम तर गेलेलंच. थांब गं, दूध उतू चाललं."