चहाला किती अँपिअर लागतात?

अमेरिकेतल्या मोटारहोममध्ये वीज तीन वाटांनी येते आणि तिन्ही वाटांनी जाते. कॅम्पग्राउंडवरच्या खांबाला केबल जोडली की १२० व्होल्ट मिळतात. खांब नसेल तर गाडीच्या पोटातला जनरेटर तेवढेच व्होल्ट पुरवतो. दोन्ही नसतील तर १२ व्होल्टच्या बॅटऱ्या आहेतच. दिवे, पाण्याचा पंप आणि गॅसच्या हीटरचा पंखा त्यांच्यावर चालतो. मायक्रोवेव्हसाठी इन्व्हर्टर त्या १२ चे १२० करून देतो आणि कन्व्हर्टर नावाचं दुसरं खोकं १२० चे १२ करून बॅटऱ्या भरतं. खांबाची वीज घ्यायची की जनरेटरची, हे ट्रान्सफर स्विच ठरवतो. ही सगळी मंडळी पलंगाखाली आणि पायरीमागे दडवायची, वर गालिचा अंथरायचा आणि मग म्हणायचं, घरच्यासारखी सोय आहे हो!

माझ्या धाकट्या भावाने अशी एक जुनी गाडी विकत घेतली आणि आम्हा पुणेकरांना यलोस्टोन दाखवायला नेलं. ब्रिज बे कॅम्पग्राउंड तळ्याच्या काठावर, सुमारे ७,८०० फुटांवर. पाइनची झाडं आहेत, बायसन आहेत. विजेचा खांब मात्र नाही. हे ऐकून आमचे हे मनापासून खूश झाले. महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगच्या वर्षांत ज्यांनी घरच्या बॅटरीत स्वतःच्या हाताने डिस्टिल्ड वॉटर घातलं, त्यांना जगातला कुठलाही इन्व्हर्टर आपलाच वाटतो. शिवाय यांनी बॅगेतून पुण्याचा टेस्टर आणला होता. औषधांच्या पिशवीत, गुडघ्याच्या मलमाशेजारी.

रात्री भावजयीने भात गरम करायला मायक्रोवेव्ह लावला. इन्व्हर्टर किंचाळला आणि बंद पडला.

"बॅटरी मेली," हे म्हणाले.

"भाऊजी, मागच्याच महिन्यात नवीन घातल्यात," भाऊ म्हणाला.

"अरे, नवीन म्हणून काय झालं? माणसंसुद्धा..." आई समोर बसलेली असल्यामुळे यांनी वाक्य अर्ध्यावर सोडलं आणि टेस्टर बॅटरीला लावला. दिवा लागला नाही. निदानावर शिक्कामोर्तब झालं. टेस्टरमधला तो इवलासा निऑन दिवा १२ व्होल्टवर लागतच नाही, बॅटरी ठणठणीत असली तरी. पण हे सांगायला तिथे कुणाला वाव होता? मग लग्न झाल्यापासूनच्या यांच्या सगळ्या विद्युत पराक्रमांची उजळणी झाली.

गाडीत मत नसलेली व्यक्ती एकच होती, माझी नववीतली भाची. तिच्याकडे शाळेच्या रोबोटिक्सचा मल्टीमीटर होता. "काका, जरा सरका ना," म्हणत ती पलंगाखाली शिरली. बॅटरीवर १२.६ व्होल्ट. "मग काय हवंय?" भाऊ म्हणाला. पण पोरीने मायक्रोवेव्ह लावायला सांगितला आणि लोड असताना दोन ठिकाणी मोजलं. बॅटरीच्या टोकांवर १२.१ आणि इन्व्हर्टरच्या टोकांवर १०.४. असे बहुतेक इन्व्हर्टर साडेदहाच्या आसपास हात वर करतात. म्हणजे बॅटरी बरी होती, इन्व्हर्टरही बरा होता, आणि मधल्या दोन हात केबलमध्ये पावणेदोन व्होल्ट गडप होत होते.

हजार वॉटचा म्हणवणारा मायक्रोवेव्ह खुद्द दीड हजार वॉटच्या आसपास ओढतो. १२० व्होल्टवर ते साडेबारा अँपिअर होतात. १२ व्होल्टवर तेच सव्वाशे, आणि इन्व्हर्टरची स्वतःची घट धरली की त्याहून अधिक. एवढा प्रवाह जायचा तर केबल अंगठ्याएवढी जाड हवी आणि जोड घट्ट हवा. इथे निगेटिव्हच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साठली होती आणि नट बोटाने फिरत होता. इन्व्हर्टर बंद करून, केबल सोडवून, खायच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल घासलं, पुसून कोरडं केलं, नट आवळला. भात गरम झाला. "मी बॅटरीच म्हणत होतो," यांनी नोंदवलं.

विजयाच्या भरात यांनी इन्व्हर्टर रात्रभर चालू ठेवायला लावला. "आमच्याकडे तो कधीच बंद करत नाहीत." पहाटे गॅसच्या हीटरचा पंखा थांबला आणि सगळे आपापल्या गोधडीसह जागे झाले. बॅटऱ्या रिकाम्या. रात्री एक पावही भाजला नव्हता, मग वीज गेली कुठे? आधीच्या मालकाने हौसेने वायरिंग फिरवून कन्व्हर्टरचा प्लग इन्व्हर्टरच्या सॉकेटात घातला होता. इन्व्हर्टर बॅटरीतून वीज घेऊन कन्व्हर्टरला देत होता आणि कन्व्हर्टर तीच वीज परत बॅटरीत भरत होता. उजव्या खिशातले पैसे डाव्या खिशात टाकायचे आणि दर खेपेला दलाली द्यायची, असा हा व्यवहार रात्रभर चालला होता. पुण्याच्या घरात भिंतीतून वीज येत असते, म्हणून तिथे इन्व्हर्टर चालू ठेवणं शहाणपणाचं. इथे कन्व्हर्टर त्या सॉकेटातून काढणं, एवढंच औषध.

या कॅम्पग्राउंडवर जनरेटर सकाळी आठ ते रात्री आठ एवढाच लावता येतो. आठाला पाच मिनिटं असताना आम्ही सगळे स्वेटर घालून घड्याळाकडे बघत होतो. रिकाम्या बॅटरीवर त्याचा स्टार्टर फिरेना, तेव्हा भावाने डॅशबोर्डवरचं बटण दाबून इंजिनाच्या बॅटरीची मदत घेतली. जनरेटर धडधडला. आत मात्र अंधार. "ट्रान्सफर स्विच गेला," म्हणत हे स्क्रूड्रायव्हर घेऊन उठले. झाकण उघडायच्या आत दिवे लागले. जनरेटरचा वेग स्थिर होईपर्यंत तो स्विच मुद्दाम अर्धा मिनिट थांबतो. यांच्या हातून वाचलेली ती बहुधा एकमेव वस्तू असावी.

तरी ओट्यावरचं सॉकेट बंदच. भाऊ पॅनेलमधले सगळे ब्रेकर खालीवर करून थकला. बंद पडलेलं सॉकेट स्वयंपाकघरात होतं, पण त्याचं बटण निघालं संडास-बाथरूमच्या आरशाशेजारी. अवघे पाच मिलिअँपिअर जमिनीकडे गळले तरी उडणारं हे संरक्षक बटण पुढच्या साखळीतली सगळी सॉकेट सोबत घेऊन झोपतं. आंघोळीच्या वाफेने ते उडलं असावं. बटण दाबल्यावर लाइट आली आणि सगळ्यांनी एकदमच हौस भागवली: दीड हजार वॉटचा विजेचा हीटर, दीड हजारांची किटली, उपाशी बॅटऱ्या भरणारा कन्व्हर्टर. जनरेटर ४,००० वॉटचा, पण उंचीवर हवा विरळ, आणि दर हजार फुटांमागे त्याची ताकद साडेतीन टक्क्यांनी घटते. म्हणजे इथे हातात जेमतेम २,९००. आवाज दबला आणि पुन्हा अंधार. आतले ब्रेकर सगळे ठीक. उडाला होता तो जनरेटरच्या स्वतःच्या अंगावरचा, गाडीबाहेर, झाकणामागे. तो सापडेपर्यंत यांनी कार्बुरेटरवर संशय घेऊन झाला होता.

एवढ्या वेळात आईने काडेपेटीने गॅसची शेगडी पेटवून सगळ्यांचा चहा केला होता. आलं घालून. "जावईबापू, तुमचा गार होतोय," ती म्हणाली. किटलीच्या चहाला खांबावर साडेबारा अँपिअर लागतात, बॅटरीवर सव्वाशेच्या वर आणि शेगडीवर शून्य.

एका बाबतीत थट्टा नको. जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. त्याचा अलार्म वाजला की "सेन्सर बिघडलाय" म्हणणारा जाणकार प्रत्येक कुटुंबात असतो. त्याच्याशी वाद गाडीबाहेर जाऊन घाला.

तुम्ही अशी गाडी भाड्याने घेणार असाल तर पलंग आणि पडदे मागाहून बघा. आधी मालकाला विचारा की बाथरूममधलं बटण कुठे आहे, जनरेटरच्या अंगावरचा ब्रेकर कुठे आहे, आणि टाकीत पेट्रोल किती उरलं की जनरेटर थांबतो. बहुतेक गाड्यांत तो पाव टाकीला थांबतो, तुम्हाला पंपापर्यंत पोहोचता यावं म्हणून. सोबत वीस-पंचवीस डॉलरचा मल्टीमीटर घ्या. तो नववीतल्या मुलीच्या हातात द्या आणि टेस्टर पुण्याला ठेवून या.