चार तारांत भागत नाही तेव्हा : नवशिक्यांसाठी खरेदी-मार्गदर्शन

हे मार्गदर्शन ज्यांच्याकडे चार तारांचा बेस गिटार आहे, तो बरा वाजतो आहे, आणि तरीही रात्री जेवणं झाल्यावर जे मोबाइलवर पाच-सहा तारांच्या बेसचे फोटो मोठे करून करून बघतात, त्यांच्यासाठी आहे. ज्यांनी अजून कुठलाच बेस हातात धरलेला नाही आणि जे थेट सहा तारांपासून सुरुवात करणार आहेत, त्यांना आमच्या शुभेच्छा.

पहिली पायरी म्हणजे कारण ठरवणं. खरं कारण ‘भारी दिसतो’ हे असतं. ते आपल्यातच राहू द्या. चारचौघांत सांगायला इतिहास लागतो. तर, लिओ फेंडरने 1951 साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा त्याला चारच तारा दिल्या, कारण उभ्या डबल बेसला चार होत्या. फेंडर कंपनीनेच 1965 साली पाच तारांचा बेस काढला खरा, पण जादा तार वरच्या बाजूला, बारीक. आणि फ्रेट फक्त पंधरा. लोकांनी तो घेतला नाही, 1970मध्ये तो बंद झाला. पुढे न्यूयॉर्कच्या अँथनी जॅक्सनने 1975 साली कार्ल थॉम्प्सन या कारागिराकडून सहा तारांचा बेस करवून घेतला. त्याचं म्हणणं असं की, हे वाद्य मुळात गिटारच आहे आणि गिटारला तारा सहाच असतात. चार ही जुन्या वाद्याकडून आलेली सवय आहे. हा युक्तिवाद पाठ करा. समोरच्याने जेम्स जेमर्सनचं नाव काढलं, म्हणजे चार तारा आणि उजव्या हाताचं एकच बोट एवढ्या भांडवलावर मोटाउनची अख्खी गाणी उभी करणारा तो, तर मात्र हवापाण्याच्या गप्पा सुरू करा. चार तारांच्याच दुसऱ्या उस्तादाचं, जाको पास्टोरियसचं, नाव निघाल्यास उठून चहा सांगा.

इतिहास न पटणाऱ्यांसाठी एक कारण आपल्याकडचंच आहे, आणि ते खरंखुरं आहे. आपले गायक पट्टी सांगतात ती पेटीच्या भाषेत: पांढरी एक, काळी दोन, काळी चार. चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची मोकळी तार ई, म्हणजे पांढरी तीन. आता पुरुष गायक बहुधा गातो काळी एक किंवा काळी दोनमध्ये. म्हणजे त्याचा षड्ज तुमच्या सगळ्यात खालच्या स्वराच्या अर्धा किंवा दीड स्वर खाली! बाकी सगळे सूर खर्जात छान घुमणार, आणि समेवर येऊन सा लावायची वेळ आली की तुम्ही टुणकन उडी मारून वरच्या सप्तकात. ऑर्केस्ट्रात त्या क्षणी ढोलकीवाला तुमच्याकडे बघतो. त्यात कार्यक्रमाच्या दिवशी गायकाचा घसा बसलेला असतो आणि तो म्हणतो, “आज जरा अर्धी पट्टी खाली घेऊ या.” पाचव्या तारेवर, म्हणजे खालच्या बीवर, हे सगळे षड्ज सापडतात. काळी दोन तिथे चौथ्या फ्रेटवर, काळी एक दुसऱ्यावर, पांढरी एक पहिल्यावर. गायकाला यातलं काही जाणवत नाही, हे नम्रपणे नोंदवून ठेवतो.

दुसरी पायरी: हाच प्रश्न स्वस्तात सुटू शकतो, हे सांगणं मार्गदर्शक म्हणून आमचं कर्तव्य आहे. ई तारेच्या खुंटीला एक खटक्याची चावी बसवून मिळते. खटका दाबला की तार ईवरून डीवर उतरते आणि काळी दोनचा प्रश्न मिटतो. किंवा आहे त्याच बेसवर पाच तारांच्या संचातल्या खालच्या चार तारा चढवाव्यात: बी, ई, ए, डी. जाड तारेसाठी नटची खाच थोडी घासावी लागते, एवढंच. नव्या बेसच्या मानाने हा खर्च किरकोळ. हा परिच्छेद वाचून ज्यांचं समाधान झालं त्यांनी इथेच थांबावं. कोणी थांबत नाही.

तिसरी पायरी: मुंबईच्या बेसवादक मोहिनी डेचे व्हिडिओ पाहू नका. निदान कार्ड हाताशी असताना पाहू नका. तिचे वडील स्वतः बेस वाजवणारे. तिचं शिक्षण अगदी लहानपणी घरातच सुरू झालं. तो भाग दुकानात विकत मिळत नाही.

चौथी पायरी: नेमक्या किती तारा, हा प्रश्न. इथे थोडं गणित आहे. खालची मोकळी ई सेकंदाला साधारण 41 कंपनं करते, पाचवी बी 31. माणसाचा कान ढोबळमानाने 20पर्यंत ऐकतो. सातवी-आठवी तार घेऊन तुम्ही त्याखालच्या एफ शार्पवर गेलात की 23 कंपनं होतात. पियानोची सगळ्यात डावीकडची पट्टीसुद्धा साडेसत्तावीसवर थांबते. आणखी एक तार त्याच हिशेबाने लावली की 17. म्हणजे जिचा मूळ सूरच ऐकू येत नाही ती तार तुम्ही रोख पैसे मोजून घेतलेली असते. बीचंही फार वेगळं नाही. बहुतेक अँपचे स्पीकर 31 कंपनांचा मूळ सूर धडपणे देतच नाहीत. ते देतात त्याच्यावरची दुप्पट आणि तिप्पट कंपनं, आणि खालचा सूर आपला मेंदू स्वतःच्या पदरचा घालतो. अँप बदलायचा खर्च बेसच्या खर्चात धरलाय का, असं कोणी विचारलं तर आपण “हो” म्हणावं.

पाचवी पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि म्हणूनच जाहिरातीत नसते. जादा तार वाजवणं अवघड नाही. ती गप्प ठेवणं अवघड आहे. ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर बी वाजवा: न छेडलेली खालची बी आपण होऊन गुणगुणू लागते, कारण तिच्या पोटातला दुसरा सूर नेमका तोच. सतारीत तरफेच्या तारा मुद्दाम अशाच झंकारायला लावतात. बेसवर त्याच झंकाराला मिक्सरवाला ‘हे काय घोंगावतंय’ म्हणतो. म्हणून उजव्या हाताचा अंगठा एका जागी टेकवून ठेवण्याची चार तारांवरची ऐष इथे संपते. अंगठा तारांवरून बोटांच्या मागे मागे सरकवायचा आणि खालच्या तारा दाबून धरायच्या. वरच्या तारा डाव्या हाताच्या बोटांच्या पोटाने. सहा तारांवर एक स्वर वाजतो तेव्हा पाच तारा थोपवून धरलेल्या असतात. दुकानात वीस मिनिटं हात चालवून हे कळत नाही. ते कळतं पहिल्या तालमीत, सगळे एकदम थांबतात आणि तुम्ही एकटेच अजून वाजत असता तेव्हा. माझ्या मते खरा निर्णय इथे होतो: रोज अर्धा तास निव्वळ तारा गप्प ठेवण्याचा रियाज करायची तयारी असेल तर पाच तारांचा बेस जरूर घ्या. सहावीसाठी त्याशिवाय वरच्या सी तारेवर कॉर्ड आणि सोलो वाजवायची खरी हौस हवी, आणि सोलो वाजवू देणारा बँडही.

दुकानात गेल्यावर भरभर बोटं चालवून दाखवू नका. कोणी ऐकत नाही. बी तारेच्या पाचव्या फ्रेटवर ई वाजवा, मग मोकळी ई वाजवा. सूर एकच आहे, पण पहिला मऊ चिखलासारखा आणि दुसरा खणखणीत असेल तर तो बेस परत खुंटीला टांगा. जाड तारेला ताण पुरत नाही, म्हणून काही कारागीर 34 इंचांऐवजी 35 इंचांची लांबी देतात. कॅनडातल्या सास्काटूनचा डिंगवॉल तर फ्रेट पंख्यासारखे तिरपे बसवतो, जेणेकरून बी 37 इंचांची आणि वरची जी 34ची. मग पट्टा लावून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. नेक जमिनीकडे झुकली तर तुमचा डावा हात पुढची कितीतरी वर्षं वाजवण्याऐवजी वजन पेलणार आहे. बसून पाहिलेला बेस लोकलच्या गर्दीत खांद्यावर निराळाच लागतो.

घरी काय सांगावं, याबद्दल थोडक्यात. आईचा प्रश्न ठरलेला: “आहे ती गिटार काय वाईट आहे?” या प्रश्नाला उत्तर नाही, शोधू नका. जुन्याच रंगाचा बेस घ्या. घरात तारा मोजायची पद्धत नसते. धोका फक्त तारांचा नवा संच मागवाल तेव्हा. पाकिटावर किंमत छापलेली असते.

एवढं करूनही वर्षभरात तुम्ही पुन्हा चार तारांवर आलात तर घाबरू नका. जुन्या वाद्यांचा बाजार अशाच लोकांवर चालतो. जाहिरातीत ‘जपून वापरलेला’ हे सगळेच लिहितात. तुम्ही लिहा: ‘सहावी तार कोरी आहे.’