शेकरूला पद मिळालं, पान नाही

कर्जत-खालापुरातल्या अंगणवाडीतलं पोर चित्रांचं पुस्तक उघडतं आणि थेट आफ्रिकेत पोचतं. जिराफ, झेब्रा, पाणघोडा. मध्येच एक पेंग्विन, बहुधा कर्जतला खोपोली लोकल पकडताना चुकलेला. पुढे खेकडा. लालभडक, हसरा, मागे समुद्र. पोराच्या ओळखीचा खेकडा भाताच्या बांधातला, काळपट, बोट धरलं की न सोडणारा आणि रात्री कालवणात जाणारा. पण कालवणातला प्राणी छापायचा नसतो, बालमनावर परिणाम होतो म्हणे!

खांडसच्या वर भीमाशंकरचं रान, 1985 पासून अभयारण्य. तिथे शेकरू या झाडावरून त्या झाडावर झेपावतं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी हो! तरी पुस्तकातली खार विलायतेचीच, हातात ओकचं फळ घेऊन बसलेली.

पुस्तकाबाहेरही तेच. शनिवारी फार्महाऊसवर आलेली आई म्हशीकडे बोट दाखवून बाळाला इंग्रजीतून माहिती देते. म्हैस शांतपणे ऐकून घेते.

माकड तेवढं सगळ्या पुस्तकांत सापडतं. तिथे ते शहाण्यासारखं एकच केळं खातं. माथेरानचं माकड पिशवीसकट नेतं, आणि पुस्तक पिशवीत असेल तर तेही.