मुशी आणि वटवाघूळ : फरक स्पष्ट करा

ही पद्धत खास नाशिककरांसाठी. इथे समुद्र नसल्याने शार्कबद्दल ऐकीव भीती आणि द्राक्षबागा असल्याने वटवाघळाबद्दल पिढीजात राग, दोन्ही तयारच मिळतं.

साहित्य : कागद, पट्टी, पेन्सिल, खोडरबर, मासळी बाजारातली एक मुशी (स्कोलिओडॉन लॅटिकॉडस) आणि झाडाला उलटं लटकलेलं एक मोठं फळवाघूळ (टेरोपस मेडियस). वाघूळ घरी आणू नये. झाडाखाली उभं राहून वर पाहावं, तोंड मिटून.

कृती :

१. कागदावर मधोमध उभी रेघ मारावी.

२. आकार. शार्क म्हणजे राक्षस, असं आधीच लिहून ठेवलं असल्यास खोडावं. मुशी जेमतेम अडीच फुटांची. वाघळाने पंख पसरले तर चार फूट सहज भरतात.

३. ज्ञानेंद्रियं. ‘वाघूळ आंधळं असतं’ हे शेजाऱ्यांचं मत उतरवू नये. हे वाघूळ डोळ्यांनी आणि नाकाने पिकलेलं उंबर हुडकतं. मुशीला भक्ष्याच्या अंगातली सूक्ष्म वीज कळते. इथे महावितरणचा विषय काढू नये.

४. प्रजनन. इथे रेघ अडचणीत येते. मुशीचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर, म्हणून पिल्लू आईच्या पोटातच वारेवर पोसलं जातं, नाळेसकट. वाघळाचंही तेच. रेघेचा तेवढा भाग पुसावा. मुशीला एका वेळी डझनभर पिल्लं होऊ शकतात, वाघळाला वर्षाकाठी बहुधा एकच. दूध मात्र फक्त वाघळाला. तरी कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून खाऊ घालतात ती मुशीच.

५. उपयोग. बागायतदाराला विचारू नये, जाळीचा खर्च ऐकावा लागेल. वड-उंबरांचं बी लांबवर कोण टाकतं, ते मात्र लिहावं. मुशीसाठीही जाळंच असतं. ते पकडण्यासाठी, हे अडवण्यासाठी.

६. कायदा. १९७२च्या वन्यजीव कायद्याने फळवाघळांना कावळ्या-उंदरांच्या पंगतीत ‘उपद्रवी’ म्हणून बसवलं. २०२२च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. अंमल १ एप्रिल २०२३ पासून. त्या तारखेनंतर वाघळांच्या वागण्यात सुधारणा झाल्याचं लिहू नये.

गुणदान : प्रत्येक फरकास एक गुण. वारेचं साम्य लिहिणाऱ्यास शून्य; ते विचारलेलं नव्हतं.