दाजींचा गाळप हंगाम

सांगलीचे आमचे दाजी साखर कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झाले, पण गाळप काही थांबलं नाही. मुलानं एस्प्रेसो मशीन पाठवलं आणि विश्रामबागेतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात बारमाही हंगाम सुरू झाला.

मशीन तापेपर्यंत वीस मिनिटं पाहुण्यानं चहाचं नाव काढायचं नाही. (आक्का मागच्या दारी गुपचूप देते, तो भाग वेगळा.) दाजी चिकमगळूरच्या बिया तोलतात, बरोबर 18 ग्रॅम. काटा विट्याच्या गलाईवाल्या पाहुण्यांचा, सोनं तोलायचा. पूर्वी दळण आक्काच्या मिक्सरमध्ये व्हायचं: निम्मा भुगा, निम्मे खडे आणि आठवडाभर चटणीला कॉफीचा वास. आता वेगळा ग्राइंडर आहे. त्याची किंमत आक्काला अजून निम्मीच माहीत आहे.

पूड ते बुचात खोचलेल्या सुयांनी मोकळी करतात, मग दाबतात. "ताकद नको, सपाट पाहिजे. पाणी लई आळशी असतंय. भेग दिसली की तिथनंच पळतंय. पाट फुटल्यावर पुढच्या सऱ्या कोरड्याच की!" असा पाट फुटला की कप एकाच वेळी आंबटही लागतो आणि कडूही.

खोक्यावर 15 बार छापलंय, त्याला ते हसतात. "9 पुरे. बाकीचे जाहिरातीचे." 18 ग्रॅममधून 36 ग्रॅम कॉफी, 25 ते 30 सेकंदांत. बारा सेकंदांत घळाघळा आली तर आंबट. दळण बारीक करायचं. पाऊण मिनिट रेंगाळली तर कडूजहर, जाड करायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जैसे थे. लॅबमध्ये पोरांना हेच सांगण्यात त्यांचा जन्म गेला.

शेवटी उसाच्या रसाचा ब्रिक्स बघायचा जुना रिफ्रॅक्टोमीटर निघतो. त्यावर कॉफीचा गार थेंब, मग वहीत गुणाकार-भागाकार. "कारखान्याची रिकव्हरी 12 टक्के झाली की चेअरमन पेढे वाटायचे. मी हितं 20 काढतोय, हाय का कुणाला कवतिक?"

आणि पोत्यांच्या थप्प्याच्या थप्प्या साखर काढलेल्या या माणसाकडं चमचाभर साखर मागायची सोय नाही! "साखर चूक झाकती," म्हणतात. पेन्शन कशावर चालतं, हे आक्का विचारते. मी पाहुणा, मी कशाला विचारू?

मी साताऱ्याहून कंदी पेढे नेतो. परवा दाजी वहीत डोकं घालून बसलेले बघून एक गालात धरला आणि वर कॉफी प्यायलो. फक्कड लागली.

"कडू?"

"अजिबात नाही."

"आंबट?"

"छे!"

दाजींनी वही मिटली, उठले आणि ग्राइंडरच्या चकतीवर चिकटपट्टी लावून लाल पेनानं लिहिलं: 'सेटिंग फायनल. हात लावू नये.'