शेवटच्या रांगेचं संमेलन

ट्यूबा वाजवणाऱ्यांचं गाजलेलं संमेलन २२ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये, बर्फावर घसरत खेळायच्या मैदानात भरलं. हार्वी फिलिप्स नावाच्या ट्यूबावादकानं ते आपले गुरू विल्यम बेल यांच्या स्मरणार्थ भरवलं होतं. गुरूंचा जन्म १९०२ सालच्या नाताळचा, म्हणून सगळी गाणी नाताळची. तीनशेच्या आसपास वादक जमले. सगळे ट्यूबावाले आणि त्याच गोतातले युफोनियमवाले. व्हायोलिन नाही, बासरी नाही, गायिका नाही. वाद्यवृंदात तास तास बसून ज्यांच्या वाट्याला खर्जाचे चार सूर येतात, त्यांनी त्या दिवशी अख्खी गाणी वाजवून घेतली. तेव्हापासून तिकडे हा प्रकार दर नाताळात चालतो.

असं संमेलन आपल्याकडे बीड जिल्ह्यात भरतं. त्याला अध्यक्ष नाही, स्वागताध्यक्ष नाही, परिसंवाद नाही आणि ठरावही नाहीत. त्यामुळे बातमी येत नाही. तारीख पंचांग काढतं आणि जागा मारुती ठरवतो.

त्याचं असं आहे. या जिल्ह्यातून लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. गाव भरल्याशिवाय लग्न कसलं? म्हणून सगळी लग्नं उन्हाळ्यातल्या मोजक्या तिथींवर येऊन पडतात. तिथी वाढत नाहीत, बँड वाढत नाहीत, मारुतीची देवळं तर मुळीच वाढत नाहीत. एका दाट तिथीला एकाच पारावर चार नवरदेवांचे परण्ये (मारुतीच्या दर्शनाला निघालेल्या मिरवणुका) येऊन थडकले, म्हणजे चार बँड आले. आणि चार बँड आले, म्हणजे त्यांच्या शेवटच्या रांगाही आल्या. शेवटच्या रांगेत जो असतो, तोच आपला माणूस.

मामेभावाच्या मुलाचं लग्न अंबाजोगाईला, भर मे महिन्यात दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर होतं. मे महिन्यात साडेबाराचा मुहूर्त काढणाऱ्या गुरुजींनी स्वतःच्या बैठकीमागे कूलर लावून घेतला होता, एवढं जाता जाता सांगतो.

पुण्याहून अंबाजोगाईला एसटीनं निघालं की बीड जिल्हा दोनदा लागतो. नगर मागे पडलं की कडा येतं, आष्टी येतं. बीड जिल्हा लागला म्हणून माणूस पिशवी सावरून बसतो, तोच जामखेड येतं आणि आपण परत नगर जिल्ह्यात. पुढे सौताड्याला पुन्हा बीड. "हे जामखेड मधेच कसं?" असं मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं. "ते पाव्हणं म्हणून आलं आन् राहिलं," ते म्हणाले. मग रेल्वेचा विषय निघाला. या भागात तो काढावा लागत नाही, आपोआप निघतो. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नगरहून बीडपर्यंत गाडी खरोखर धावली. "आता आमच्या लोकांनी निवडणुकीत ऐकायचं काय?" गृहस्थांना खरी चिंता त्याची होती.

पाटोदा, मांजरसुंबा, नेकनूर करत केज आलं. याच तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथे धुळवडीला एखाद्या जावयाला गाठून गाढवावर बसवतात, गळ्यात चपलांचा हार घालतात, गावभर मिरवतात आणि वर कपड्यांचा आहेर करतात. जावई आधी लपून बसतात, त्यांना शोधून आणावं लागतं. लग्नात ज्याला घोड्यावर बसवलं, त्याला पुढे गाढवावरही बसवायचं, हा हिशोब मला तरी चोख वाटला. निदान विड्याचे सासरे तो उघड्यावर करतात.

अंबाजोगाईत उतरलो तेव्हा ऊन भाजत होतं. मुकुंदराजांचं आणि दासोपंतांचं हे गाव. दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला. मला त्या पासोडीचा तुकडा डोक्यावर घ्यायला मिळाला असता तर बरं झालं असतं. निजामाच्या राज्यात या गावाला मोमिनाबाद म्हणत आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. हे सांगायचं कारण, ट्यूबाही मूळचा लष्करी. प्रशियाच्या फौजेतल्या वीप्रेख्त नावाच्या बँडप्रमुखानं मोरिट्झ या कारागिराला हाताशी धरून १८३५ मध्ये बर्लिनला त्याचं पेटंट घेतलं. पलटणींच्या पायांना ठेका द्यायला केलेलं वाद्य आपण मामालोकांच्या पायांना लावलं. पलटण निदान एका दिशेनं चालते.

परण्या निघाला. बँडच्या नावाआधी 'न्यू' आणि नावानंतर 'ब्रास बँड' हे सगळीकडे ठरलेलंच असतं. जुना बँड मी अजून पाहिलेला नाही. पुढे बँडमास्तर क्लॅरनेट घेऊन, मग ट्रंपेटवाले, साइड ड्रम, मग युफोनियमवाले आणि सर्वांत मागे, सूसाफोन अंगात घालून, साठीचे एक मामा. सूसाफोन हा ट्यूबाचा चालता भाऊ. नळी अंगाभोवती वेढा घेऊन डोक्यावर चढते आणि वर जात्याएवढा भोंगा उघडतो. ट्यूबा असो की सूसाफोन, नळी सरळ केली तर अठरा फुटांच्या आसपास भरते. एवढ्या लांबीच्या नळीत एका टोकानं प्राण ओतायचा आणि दुसऱ्या टोकाला 'भों' व्हायची वाट पाहायची. नाचणाऱ्यांना वाटतं, आपण ताशावर नाचतोय. छातीत जे दणदणतं, ते मामा असतात.

पाराशी पोचलो तर आमच्या आधी दोन परण्ये हजर, चौथा मागून येत होता आणि मधे एसटी अडकलेली. त्या चौथ्या नवरदेवाच्या पुढे तर डीजेचा ट्रक. तिन्ही बँडमास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तिथून पुढे जे झालं त्याला मी संगीत म्हणणार नाही. एकाचं देवीचं गाणं, दुसऱ्याचं हिंदी, आमच्या मास्तरांनी 'झिंगाट' काढलं. २०१६ च्या 'सैराट'साठी अजय-अतुल यांनी हॉलिवुडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. अंबाजोगाईच्या पारावर मेरठच्या पितळातून त्या सिनेमातली चाल बाहेर पडते तेव्हा तिला व्हिसा लागत नाही. (मेरठच्या जली कोठी भागात ही वाद्यं होतात, नादिर अली यांची तिथली कंपनी १८८५ सालची.)

या गदारोळात माझं लक्ष मागे गेलं. पुढच्या रांगा उन्हात भांडत होत्या आणि तिन्ही बँडच्या शेवटच्या रांगा हळूहळू मागे सरकत एकाच लिंबाच्या सावलीत येऊन मिळाल्या होत्या. दोन सूसाफोन, तीन युफोनियम. संमेलनाचं उद्घाटन वाद्यांतलं पाणी काढून झालं. फुंकीची वाफ आत निवून पाणी होते, त्याच्यासाठी नळीला खाली एक चावी असते; ती दाबली की पाणी गळतं. लिंबाच्या बुंध्याला त्या दुपारी मिळालेलं हे एवढंच पाणी. मग तंबाखूची डबी फिरली.

"कुणाकडले तुमी? नवरदेवाकडले का नवरीकडले?" मामांनी विचारलं.

"आलोय नवरदेवाकडून, पण सध्या तुमच्याकडला," म्हटलं.

मामांना हे पटलं. त्यांनी मला सावलीत जागा दिली. गप्पा चालल्या होत्या त्या उचलीच्या. मुकादमानं कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडीला, यंदा किती दिली, मागची किती फिटली. या पाचांतले तिघं हंगामात ऊस तोडतात आणि उन्हाळ्यात बँड वाजवतात. एक जण नातवाच्या बारावीच्या निकालाची वाट पाहत होता. एकाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी आणि सनई. वडिलांनी हलगी वाजवली, यानं पितळ धरलं. रागदारीवर, साधनेवर कोणी अवाक्षर काढलं नाही. वादकांच्या संमेलनात इतकी समंजस चर्चा मी पूर्वी ऐकली नव्हती.

मी थोडी विद्वत्ता पाजळली. म्हटलं, मामा, हे तुमचं वाद्य सूसा नावाच्या अमेरिकी बँडमास्तरांनी १८९३ च्या सुमाराला करवून घेतलं. तेव्हा भोंग्याचं तोंड सरळ आभाळाकडे होतं, सूर सगळ्या बँडवरून ओसंडावा म्हणून. लोक हसायचे, हे तर पाऊस झेलायचं भांडं!

मामा भोंग्याकडे, मग आभाळाकडे बघून म्हणाले, "आमच्याकडं कोरडंच राहिलं असतं की ओ."

"उन्हाचा त्रास होत असेल?"

"आम्हाला होतोय त्याचं सोडा. ह्यालाच होतोय. सकाळी सुरात असतंय. बारा वाजता तापलं की सा वर चढतोय. मास्तर म्हणतात, खाली घ्या. आता सूर्याला कोण खाली घेणार?"

हे शास्त्राला धरून आहे. नळीतली हवा तापली की स्वर चढतो, आणि बीडच्या मे महिन्यात तो किती चढत असेल याची कल्पना बर्लिनच्या मोरिट्झला नसणार.

तेवढ्यात डीजेनं आवाज सोडला आणि तिन्ही बँड एका फटक्यात गप्प झाले. दिसत होते वाजवताना, ऐकू येत नव्हते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. ती त्या ट्रकनं नुसतं इंजिन चालू करतानाच ओलांडली असावी. माझ्या खिशातला चष्मा थरथरत होता. मामा म्हणाले, "हे बी खर्जच की. फक्त ह्याला दम लागत नाही." नंतर हळूच म्हणाले, "आन् जेवायला बी लागत नाही. म्हणून परवडतंय लोकाला."

आणि त्या यंत्राला दम लागला! जनरेटरनं दोन आचके देऊन मान टाकली. एकदम शांतता. नाचणाऱ्यांचे हात वरच राहिले. तिन्ही मास्तर, सगळे क्लॅरनेट आणि ट्रंपेट घेऊन, डीजेवाल्याला 'आता सरक' म्हणायला ट्रकपाशी धावले. गर्दीतून आरोळी आली, "अरे वाजवा की कोणीतरी!"

कोणीतरी म्हणजे सावलीतले पाच जण. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मामांनी डबी खिशात ठेवली, भोंगा सरळ केला आणि सुरुवात केली.

काय वाजवलं हे मात्र आजतागायत निश्चित झालेलं नाही. बँडमध्ये हे लोक कधी मास्तरांचीच चाल खालच्या सप्तकात घेतात, कधी सा आणि प धरून नुसता ठेका देतात. त्या दिवशी पाच जण पाच गाण्यांचे असावेत. पुढे चाल सांगणारं कोणी नाही. नुसतं 'भों-भप, भों-भप', पायांखालची जमीन ऐकू यावी असं. आमच्याकडची पोरं म्हणाली, 'झिंगाट' आहे, आणि नाचू लागली. दुसऱ्या वऱ्हाडातल्या आजींनी देवीची आरती ओळखून हात जोडले. एक निवृत्त मुख्याध्यापक सावधान स्थितीत उभे राहिले. खात्री नसताना बसून राहणं त्यांना धोक्याचं वाटलं. त्यांच्याकडे बघून आणखी चौघे उभे राहिले. चारही वऱ्हाडं आपापलं गाणं समजून एकाच वेळी नाचली. अडकलेल्या एसटीचे चालकही स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते. मारुतीच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

मास्तर परत आले ते डोळे वटारूनच. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" एवढं म्हणून त्यांनी क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि संमेलन संपलं. पाचही जण आपापल्या बँडमागे, आपापल्या शेवटच्या रांगेत गेले. मुहूर्त वीस मिनिटांनी टळला होता. गुरुजींनी पळी-पंचपात्र वाजवत तो परत आणला. ती कला वेगळी.

अंबाजोगाईत मुहूर्त टळणं तसं जोखमीचं. योगेश्वरी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, इथवर येईतो मुहूर्त टळला, लग्न राहिलं आणि सगळ्या वऱ्हाडाचं पाषाण झालं, अशी कथा इथे सांगतात. गावातली हत्तीखाना नावाची लेणी त्याच वऱ्हाडाची, असं म्हणतात. दगडी हत्ती आहेत. पंगतीत येसराची आमटी ओरपत मी मामांना विचारलं, वऱ्हाड दगड झालं, मग त्यातल्या वाजंत्र्यांचं काय झालं असेल?

"ते कशाला थांबतात?" मामा म्हणाले. "दुसरी सुपारी असंल परळीला."

त्यांचीही होती. चारच्या आत घाटनांदूर गाठायचं होतं. जीपच्या टपावर दोन्ही सूसाफोन तोंड वर करून बांधले होते.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. वरातीत नोट ओवाळता, ती पहिल्या रांगेतला क्लॅरनेटवाला किंवा ताशावाला घेतो. पुढच्या वेळी थोडं मागे चालत जा. शेवटच्या रांगेतल्या माणसाचे दोन्ही हात वाद्यात असतात आणि तोंडही, म्हणून नोट समोर नाचवू नका. सरळ त्याच्या वरच्या खिशात घाला. शंभरची असावी. दहाची नोट तो परत करत नाही, पण ऐन सप्तपदीच्या वेळी दम कमी पडतो.